दवाखाना चार दिवस बंद राहील

आपल्या व्यवसायबंधूंना ‘शेवटची सुट्टी कधी घेतलीत?’ असे विचारून पाहावे. दहातले आठ जण एखाद्या परिषदेचे नाव सांगतात. कोची, जयपूर, गोवा अशी भारदस्त गावे त्यात येतात. अधिक खोदून विचारले की कळते, कोचीत त्यांनी हॉटेलचे सभागृह पाहिले, जयपुरातही सभागृहच पाहिले, आणि गोव्यात मात्र सभागृहाच्या खिडकीतून समुद्र दिसला होता. माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. परिषद ही सुट्टी नव्हे. डॉक्टरने वर्षातून निदान चार दिवस स्वखर्चाने, जोडीदारासह आणि नावामागचे ‘डॉ.’ घरी ठेवून प्रवासाला जावे. हे ज्याचे त्याने करावे असे म्हटल्याने काही होत नाही, म्हणून आपल्या संस्थेने त्याची व्यवस्था लावावी, असा माझा आग्रह आहे.

परिषदेच्या नोंदणी-अर्जात एक रकाना असतो: ‘अकंपनिंग पर्सन’. आमच्या सौभाग्यवतींनी या रकान्यात तेवीस वर्षे काढली. तिच्या गळ्यात पट्टा अडकवून त्यावर नाव लिहिलेले असे, आणि त्या नावाखाली ही उपाधी. एकदा एका परिषदेत पट्ट्यावर नाव छापायचे राहून गेले व नुसती उपाधीच उरली. तो पट्टा तिने आजही जपून ठेवला आहे, आणि घरात काही मतभेद झाला की तो कपाटातून बाहेर येतो. सकाळी नऊ ते सहा आम्ही यकृतावर ऐकत असू आणि अकंपनिंग मंडळींना बसमध्ये घालून साड्यांच्या दुकानात नेत. रात्रीच्या भोजनात आम्ही पुन्हा यकृतावर बोलत असू. यात सहवास कोठे आला?

औषध कंपन्यांच्या पाहुणचारावर होणाऱ्या सहलींबद्दल तर बोलायलाच नको. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती करून असा प्रवास, निवास आणि भेटवस्तू स्वीकारण्यास डॉक्टरांना मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशा भेटींवरील खर्चावर कंपन्यांना प्राप्तिकरात वजावट मिळणार नाही, असाही निर्णय दिला. कायद्याचा भाग सोडला तरी दुसऱ्याच्या पैशाने गेलेल्या माणसाला रुसायचा, रेंगाळायचा आणि ‘आज कुठेही जायचे नाही’ असे म्हणायचा अधिकार उरत नाही. आणि सुट्टीचा सारा जीव या तीन गोष्टींत असतो.

आपल्याला पुराव्याशिवाय पटत नाही, तेव्हा तोही देतो. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या १२,३३८ मध्यमवयीन पुरुषांचा नऊ वर्षे पाठपुरावा झाला आणि तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. जे दरवर्षी सुट्टीवर जात, त्यांच्यात मृत्यूचे, विशेषतः हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे, प्रमाण कमी आढळले. आता यात गोम आहे. जो मुळातच धडधाकट आणि खिशाने भरलेला, तोच सहलीला जातो. तेव्हा सुट्टीने आयुष्य वाढले की आयुष्य असलेल्यांनी सुट्टी घेतली, हे निरीक्षणावरून ठामपणे सांगता येत नाही. मी हे सारे घरी साग्रसंगीत समजावून सांगितले. सौ. शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “आणि बायकांचं काय झालं, ते दिलंय का त्यात?” प्रश्न रास्त होता. शोधल्यावर फ्रॅमिंगहॅमचा १९९२ मधील अहवाल सापडला. वीस वर्षांच्या पाठपुराव्यात, ज्या गृहिणींना क्वचितच सुट्टी मिळे त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळल्याची नोंद त्यात आहे. तिने तो कागद फ्रिजवर लावला आणि त्याच आठवड्यात पचमढीची तिकिटे निघाली.

अट एकच होती. मी डॉक्टर आहे, हे वाटेत कोणालाही सांगायचे नाही.

इंदूरहून जबलपूरकडे जाणारी रात्रीची गाडी, महाशिवरात्रीच्या अलीकडचे दिवस. समोरच्या बाकावरील गृहस्थांच्या मांडीवर एक्स-रेचे मोठे पाकीट होते. ते माझ्याकडे आणि मी त्या पाकिटाकडे पाहत होतो. “आप क्या करते हैं?” त्यांनी विचारले. “दुकान है,” मी म्हणालो. “किस चीज़ की?” माझी जीभ अडली, तोच सौ. उत्तरली, “पुरानी चीज़ों की।” ज्याच्या दवाखान्यात सकाळपासून गुडघे, दमा आणि वीस-वीस वर्षांचा मधुमेह येऊन बसतो, त्याला याहून नेमके वर्णन सुचले नसते. गाडीला पुढे तीन तास उशीर झाला. इटारसीच्या फलाटावर आम्ही दशम्या, लसणाची चटणी आणि इंदूरची सेव सोडली. मध्यरात्री फलाटावर बसून जेवण्याची मजा पन्नाशी उलटल्यावरही टिकून असते, हे आवर्जून नोंदवतो.

पिपरियाला अंधारात उतरलो. तेथून पचमढी पन्नासएक किलोमीटर. जीपवाल्याने टपावर भराभर सामान चढवले आणि पचमढीला तितक्याच घाईने उतरवून दिले. हॉटेलात गेलो तर आमच्या नावाची नोंद दुसऱ्याच दिवसावर पडलेली. यात्रेची गर्दी, खोली नाही. बऱ्याच विनवण्यांनंतर एक ‘फॅमिली रूम’ मिळाली. तिच्यात चार खाटा, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा एक मनोरा आणि लग्नाच्या मांडवाची कनात होती. गीझर आमच्या न्हाणीत होता, पण त्याचे बटण शेजारच्या खोलीत. त्या खोलीत जबलपूरचे एक नवविवाहित जोडपे उतरले होते. पहिल्या सकाळी त्यांचे दार ठोठावताना मला फार संकोच वाटला. तिसऱ्या सकाळी आतूनच आवाज आला, “काकी, लगा दिया!”

खरी गंमत बॅग उघडल्यावर झाली. आत दोन नऊवारी लुगडी, एक धोतर, कापराची पुडी, हळदकुंकू आणि तांब्याचा गडू. आमची निळी बॅग कुण्या यात्रेकरूंबरोबर गेली होती. त्यांच्या बॅगेवर नाव नाही, गाव नाही. सुदैवाने आमच्या बॅगेवर फोन नंबर होता. दुपारी फोन खणखणला. “तुमची ब्याग आमच्याजोळ आली जी. यात डाक्टरचं नळकांडं हाये.” मंडळी अमरावती जिल्ह्यातली होती आणि चौरागडच्या महादेवाला निघाली होती. महाशिवरात्री झाली की दुसऱ्या दिवशी पायथ्याशी भेटायचे ठरले. म्हणजे दोन दिवस ना कपडे, ना स्टेथोस्कोप, ना बीपीचे यंत्र. सौ.ला इतके आनंदित मी क्वचितच पाहिले आहे.

ते दोन दिवस मी बाजारात घेतलेल्या, पोटावर वाघाचे तोंड छापलेल्या सदऱ्यात काढले. तिला मिळालेला कुडता एखाद्या धिप्पाड पहिलवानाच्या मापाचा होता. या वेषात आम्ही धूपगडावर गेलो. सातपुड्याचे हे सर्वोच्च शिखर, सुमारे साडेतेराशे मीटर. सारे जण सूर्यास्तासाठी येतात, आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. सूर्य ढगाआड गेला तो गेलाच. लोक हिरमुसून गाड्यांकडे परतले. आम्ही शेंगा खात बसून राहिलो आणि शेवटची जीप निघेपर्यंत बोलत होतो. कशाबद्दल, ते आठवत नाही. आजाराबद्दल नव्हते, एवढे नक्की. संध्याकाळी बाजारातून हिंडताना ती प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत चालते, हे मला त्या दिवशी कळले. तीस वर्षांच्या संसारात ते कानावर पडले नव्हते, कारण बाजारातून आम्ही नेहमी गाडीने जातो आणि फोन सतत वाजत असतो.

पचमढी ही इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती. एरवी राजधानी नागपूर. ते राज्य गेले, पण वऱ्हाडचा माणूस आजही महाशिवरात्रीला आणि नागपंचमीला हा डोंगर चढतो. चौरागडच्या वाटेवर बाराशेहून अधिक पायऱ्या आणि नवस फेडणाऱ्यांच्या खांद्यांवर माणसाहून उंच त्रिशूळ. ठरल्या दिवशी बॅग घेऊन आम्ही पायथ्याकडे निघालो, तर वाटेत एक वृद्ध गृहस्थ पायरीवर बसलेले दिसले. कपाळावर घाम, ओठ कोरडे. मी सौ.कडे पाहिले. तीच म्हणाली, “अहो, बघा ना!” हाताशी काहीच नव्हते. नाडीवर बोटे ठेवली आणि मनगटी घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजली. एकशेचार, पण नियमित. छातीत दुखत नव्हते, धाप बसल्यावर ओसरली होती. आदल्या दिवसापासूनचा निर्जळ उपास, रात्रभर जागरण आणि वर ही उतरण. सावलीत आडवे केले, साखर-मिठाचे पाणी घोटघोट पाजले, दोन केळी खाऊ घातली. अर्ध्या तासाने आजोबा उठून बसले आणि मलाच विचारू लागले, “तुम्ही काय करता जी?” सौ. हसली. “उघडलंत ना दुकान?” ती म्हणाली.

बॅगांची अदलाबदल झाली. मंडळींनी पारण्याला गोवऱ्यांवर रोडगे भाजले होते, सोबत वांग्याची तिखट भाजी. आपल्या माळव्यातल्या बाफल्यांचा हा वऱ्हाडी भाऊ. तुपात बुडवून दोन खाल्ले, तिसरा आग्रहाने. रोडग्यांच्या या पंक्तीत स्टेथोस्कोपची बॅग माझ्या पाठीशी न उघडता पडून होती.

प्रवासातील फजितीला आपण माळव्यातल्या मराठी माणसांनी तर मुळीच भिऊ नये. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घराबाहेर पडले, आपल्याच महूजवळ बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी पाहिला, वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी पोचले. त्या सगळ्या फजितीचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला आणि मराठी माणूस तो आजही वाचतो. सारे काही यथासांग पार पडले असते, तर सांगण्यासारखे काय राहिले असते? आमच्या मुलांना आम्ही सहा परिषदांची छायाचित्रे दाखवली आहेत. त्यांना आठवते ते गीझरचे बटण.

आता मुद्द्याचे. आपण सुट्टी का घेत नाही, याची कारणे मी व्यवसायबंधूंकडून ऐकली आहेत. मुलांच्या परीक्षा, आईवडिलांचे वय, हप्ते. ही खरी आहेत. पण यांपेक्षा मोठे एक कारण आहे, जे कोणी उघड बोलत नाही. चार दिवस दवाखाना बंद ठेवला तर आपला रुग्ण शेजारच्या डॉक्टरकडे जाईल आणि त्याला तो आवडेल, ही भीती. या भीतीपायी आपल्यातले कित्येक जण नगरसेवकाच्या लग्नाला तासभर जातात, पण बायकोबरोबर मांडूला जात नाहीत. मांडू येथून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी ‘निवृत्तीनंतर दोघांनी मिळून खूप हिंडायचे’ म्हणून एक उत्तम बॅग घेऊन ठेवली होती. गेल्या वर्षी वहिनी गेल्या. त्यांच्याकडे समाचाराला गेलो तेव्हा ती माळ्यावर होती, कंपनीची चिठ्ठीही अजून सोडवलेली नव्हती. याहून अधिक मी लिहीत नाही.

तेव्हा संस्थेने एक वही ठेवावी, एवढीच माझी सूचना आहे. एका भागातील तीन-चार डॉक्टरांनी आपापल्या सुट्टीचे दिवस त्यात आधी लिहावेत आणि एकमेकांचे रुग्ण सांभाळावेत. चालू औषधांचा तपशील रुग्णाच्या हाती लिहून द्यावा, म्हणजे पर्यायी डॉक्टरला अंदाजाने काम करावे लागणार नाही. अत्यवस्थ रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि प्रसूतीचे दिवस जवळ आलेल्या स्त्रिया यांच्याविषयी प्रत्यक्ष बोलून जबाबदारी सोपवावी. फोनवरच्या दोन वाक्यांत ती सोपवता येत नाही. शुल्क ज्याने तपासले त्याचे. परतल्यावर रुग्ण परत यावा, ही अपेक्षा दोन्ही बाजूंनी पाळावी. आणि एखाद्याला शेजारचा डॉक्टर खरोखरच अधिक आवडला, तर आवडू द्यावा. जे पती-पत्नी दोघेही डॉक्टर आहेत, त्यांची नावे वहीत सर्वांत वर असावीत, कारण त्या घरात नेहमी एकाने मागे राहायचे असते.

सुरुवात म्हणून वहीत माझे नाव लिहावे. येत्या फेब्रुवारीत आमच्या वस्तीतील दोन व्यवसायबंधूंचे रुग्ण मी चार-चार दिवस पाहीन. मधुमेह, रक्तदाब, दमा, जे असेल ते चालेल. फक्त लहान मुलांच्या लसीकरणाचा दिवस मध्ये येत असेल तर मला आठवडाभर आधी कळवावे, आणि शीतपेटीची किल्ली बरोबर घेऊन जाऊ नये.