गृहकर्ज फिटल्यावर सुरू होणारी जोखीम : अमेरिकेतील काउंटी मालमत्ता कर

अमेरिकेत घर घेतलेल्या कुटुंबाला कर्जाच्या हप्त्याचा आकडा तोंडपाठ असतो. मालमत्ता कराचा आकडा मात्र अनेकांना सांगता येत नाही. कर्ज देणारी संस्था बहुधा हप्त्याबरोबरच कराची रक्कम घेऊन ‘एस्क्रो’ खात्यात ठेवते आणि मुदतीत परस्पर भरते. कर्ज फिटले की ही सोय संपते. कराचे देयक थेट घरमालकाच्या नावे येऊ लागते.

ते दुर्लक्षित राहिल्यास काय होऊ शकते, हे मिनेसोटातील हेनेपिन काउंटीच्या प्रकरणात दिसले. एका वृद्ध महिलेच्या सदनिकेवरील सुमारे २,३०० डॉलरचा थकीत कर दंड, व्याज व खर्चासह सुमारे १५,००० डॉलरवर गेला. काउंटीने सदनिका ४०,००० डॉलरला विकली आणि उरलेले २५,००० डॉलरही स्वतःकडेच ठेवले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्या महिलेच्या बाजूने कौल दिला. थकबाकीपेक्षा अधिकची रक्कम भरपाईविना ठेवून घेता येणार नाही, असे निकालात स्पष्ट झाले. थकबाकीपोटी घर विकण्याचा अधिकार मात्र अबाधित राहिला.

अनेक मराठी कुटुंबे स्थिरावलेल्या टेक्सासमध्ये राज्याचा व्यक्तिगत प्राप्तिकर नाही; साहजिकच शाळा व स्थानिक सेवांचा मोठा भार मालमत्ता करावर पडतो. कराचे दर काउंटी, शहर व शाळा जिल्हा स्वतंत्रपणे ठरवतात. एकट्या घरमालकाला दरावर फारसे काही करता येत नाही. मूल्यांकनावर करता येते. मूल्यांकनाची सूचना साधारणतः वसंत ऋतूत येते. ते देयक नसल्याने बाजूला पडते आणि तेथेच नुकसान होते, कारण आक्षेपासाठी १५ मे किंवा सूचना पाठवल्यापासून ३० दिवस, यांपैकी नंतरची तारीखच अंतिम असते.

स्वतः राहत असलेल्या घरासाठीची ‘होमस्टेड’ सवलतही अर्ज केल्याशिवाय लागू होत नाही. नोव्हेंबर २०२५ मधील मतदानाने शाळा करासाठी ही सवलत १,००,००० वरून १,४०,००० डॉलर झाली. म्हणजे ४,००,००० डॉलर मूल्याच्या घरावर शाळा कर २,६०,००० डॉलरवरच आकारला जाईल. काउंटीच्या स्वतःच्या कराला मात्र हा आकडा लागू नाही.

एस्क्रो असूनही निर्धास्त राहता येत नाही, असे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. तेथे खरेदीनंतर नव्या मूल्यानुसार निघणारे पुरवणी देयक घरमालकाकडे जाते आणि सहसा त्यालाच भरावे लागते.

टेक्सासमध्ये नियमित कर ३१ जानेवारीपर्यंत भरावा लागतो. १ फेब्रुवारीपासून दंड व व्याज मिळून सात टक्के वाढ होते. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्यांना राहत्या घराचा कर लांबणीवर टाकता येतो. त्यासाठीही अर्ज लागतो, आणि लांबवलेल्या रकमेवर वर्षाला पाच टक्के व्याज चढत राहते.