रायफल सर्वांत शेवटी घ्या

स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं आणि कोल्हापूरहून मला येणाऱ्या फोनचा विषय बदलला. पूर्वी नातेवाईक अमेरिकेतल्या कॉलेजांची चौकशी करायचे, आता रायफलींची करतात. परवा मावसभावाचा फोन आला. "दादा, पोराचा नेम चांगला लागतोय. जर्मन रायफल घ्यायची म्हणतोय. पतसंस्थेत कर्जाचं बोलून ठेवलंय. कुठली घेऊ तेवढं सांग." मुलगा बारा वर्षांचा. रेंजवर जायला लागून सहा महिनेही झाले नाहीत. मी म्हटलं, "आत्ता कुठलीच घेऊ नको." तो गप्प झाला, नाराजही झाला असावा. फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितो, कारण या वाटेवर आज महाराष्ट्रातली बरीच घरं उभी आहेत.

मी ओहायो राज्यात टोलेडोजवळ राहतो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात अभियंता आहे. कोल्हापुरात कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टू हाताळली होती, त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. इथे आल्यावर पुन्हा रायफल हातात घेतली ती सर्व्हिस रायफल स्पर्धेसाठी. माझ्या घरापासून तासाभरावर, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचं लष्करी मैदान आहे. १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल स्पर्धा तिथे होत आल्या आहेत. स्पर्धेची सुरुवात त्याआधीची, १९०३ ची. सैन्यात जी रायफल असेल तीच सामान्य नागरिकालाही नीट चालवता यावी, ही त्यामागची कल्पना. म्हणून या प्रकारात रायफल बाहेरून लष्कराच्या रायफलीसारखीच दिसावी लागते. आधी स्प्रिंगफील्ड होती, मग जॉन गॅरंडने घडवलेली एम-वन, मग एम-फोर्टीन, आणि आता बहुतेकांच्या हातात एम-सिक्स्टीनची नागरी बहीण, एआर-फिफ्टीन.

एका सामन्यात ५० राउंड. पहिले दहा २०० यार्डांवरून उभ्याने, कशाचाही टेकू न घेता. मग तिथूनच बसून दहा, तेही मिनिटभरात आणि मधे मॅगझिन बदलून. मग ३०० यार्डांवरून लेटून पुन्हा झटपट दहा. शेवटचे वीस ६०० यार्डांवरून, लेटून, सावकाश. सहाशे यार्ड म्हणजे जवळजवळ साडेपाचशे मीटर. त्या अंतरावर दहा गुणांचं वर्तुळ फक्त बारा इंचांचं असतं. एकूण गुण ५००. आपली पाळी नसते तेव्हा खंदकात उतरून दुसऱ्यांची टार्गेटं वरखाली ओढायची. एनसीसीत ज्याला बट पार्टी म्हणतात तेच काम, आणि ते डॉक्टरपासून ट्रकचालकापर्यंत सगळे करतात.

स्पर्धेआधी प्रत्येक रायफलीच्या ट्रिगरला साडेचार पौंडांचं, म्हणजे दोन किलोंहून किंचित जास्त, वजन लावून पाहतात. तेवढं वजन पेलण्याआधीच ट्रिगर सुटला तर ती रायफल घेऊन उभं राहता येत नाही. नळी वीस इंचांहून लांब चालत नाही. दुर्बीण लावायची तर साडेचार पटींहून जास्त मोठं दाखवणारी नको. ही बंधनं नवशिक्याला जाचक वाटतात. मला तीच या खेळाची सर्वांत मोठी देणगी वाटतात. पैसेवाल्याने कितीही खर्च केला तरी त्याच्या आणि माझ्या रायफलीतलं अंतर नियमच वाढू देत नाही. उरलेलं अंतर सरावाने कापायचं असतं.

मग पैसे कुठे घालायचे? सर्वांत आधी, शरीराला जे लागतं त्यात. स्लिंग घ्या. इथे चामड्याचा, १९०७ च्या नमुन्याचा पट्टा वापरतात, पितळी आकड्यांचा. तो दंडावर नीट चढवून ताणला की रायफलीचं वजन स्नायूंऐवजी हाडांवर जातं. लेटून आणि बसून मारताना दहाचा आठ होतो तो बहुतेकदा इथे, सैल किंवा चुकीच्या छिद्रात अडकवलेल्या पट्ट्यामुळे. रायफलीच्या किमतीपुढे पट्ट्याची किंमत नगण्य आहे, पण तो नीट बांधायला शिकण्यात महिने जातात. त्यानंतर डाव्या हाताचा जाड मोजा आणि पाठीला आधार देणारं जाड जॅकेट. जुलैच्या उन्हात ते अंगावर चढवणं ही शिक्षा असते, तरीही उभ्याने मारताना कमरेची थरथर त्यानेच कमी होते. मोठ्या माणसाने जॅकेट आपल्या मापाचं घ्यावं. वाढत्या मुलासाठी मात्र वापरलेलं, दुसऱ्याकडून उतरलेलं घ्यावं, कारण दोन वर्षांत ते बगलेत रुतायला लागतं.

दुसरी गोष्ट एक वही. प्रत्येक राउंड कुठे लागला, कुठून लागेल असं वाटलं होतं, वारा कुठून होता, साइटला किती क्लिक दिले, सगळं लिहायचं. सहाशे यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा आमची गोळी सुमारे तीन फूट बाजूला नेतो. ईरी सरोवरावरून येणारा वारा सकाळी एक आणि अकरा वाजता दुसराच. झेंडे एक सांगतात, आणि स्पॉटिंग स्कोपमधून दिसणारी उन्हाची लहर, मृगजळासारखी थरथरणारी हवा, कधी वेगळंच सांगते. हे वाचण्याची अक्कल कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. ती वहीतून येते.

तिसरा खर्च राउंडचा, आणि तोच खरा मोठा. स्पर्धेच्या दर्जाचा एक राउंड इथे डॉलरभर किंवा त्याहून महाग पडतो. एका हंगामाचा नेटका सराव केला तर रायफलीएवढे पैसे राउंडमध्ये जातात. म्हणून बरेच जण घरीच दारू तोलून राउंड भरतात, इथे त्याला परवानगी आहे. गोळीचं वजनही अंतराप्रमाणे बदलतं. जवळच्या अंतरांना ७७ ग्रेनची, कारण ती मॅगझिनमध्ये मावते. सहाशेला ८० ग्रेनची लांब गोळी एकेक करून हाताने भरायची, कारण ती वाऱ्याला कमी जुमानते.

आता रायफल. तिच्यात खरी किंमत नळीची. जुन्या एम-सिक्स्टीनच्या नळीतला पीळ बारा इंचांत एक वेढा असा होता, तो हलक्या ५५ ग्रेनच्या गोळीला पुरत असे. लांब गोळी स्थिर फिरायला सात किंवा आठ इंचांत एक वेढा लागतो. हे न पाहता रायफल घेतली तर सहाशे यार्डांवर कितीही छान लेटा, टार्गेट मोकळं राहील. नळी ही झिजणारी वस्तू आहे हेही लक्षात ठेवावं. काही हजार राउंडनंतर तिचं चेंबरकडचं तोंड जळून खरबरीत होतं आणि ती बदलावीच लागते. दुसरी जागा नळीभोवतीच्या आवरणाची. स्लिंग ताणला की तो पुढच्या आवरणाला ओढतो. लष्करी रायफलीत ती ओढ नळीपर्यंत पोचते आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, जागेवरून सरकतो. म्हणून आवरणाच्या आत एक लोखंडी नळकांडं बसवतात, ओढ त्याच्यावर जाते, नळी मोकळी राहते. बाहेरून काही दिसत नाही आणि नियमांना ते मान्य आहे. इथे पैसे घालावेत. बाकी रंग, नक्षी, नामवंत छाप, यांनी एकही गुण वाढत नाही.

दुर्बिणीबद्दल माझं मत ठाम आहे. २०१६ पर्यंत या प्रकारात फक्त लोखंडी साइट चालायची. मागच्या बारीक भोकातून पुढची फोरसाइट टिप स्पष्ट पाहायची, काळं वर्तुळ तिच्यावर टेकल्यासारखं दिसायला हवं. पंचेचाळिशीनंतर ती टिप पुसट होत जाते आणि उत्तम नेमबाजही केवळ डोळ्यांपायी खेळ सोडतात. साडेचार पटींच्या दुर्बिणीला परवानगी मिळाली आणि असे कितीतरी जण परत आले. निर्णय योग्यच होता. पण नव्या माणसाने दुर्बिणीने सुरुवात करू नये असं मी आमच्या क्लबात नेहमी सांगतो. उभ्याने मारताना तिच्यातून स्वतःची प्रत्येक थरथर दिसते. काळं मधोमध आलं की हात घाईने ट्रिगर ओढतो आणि राउंड सातात जातो. लोखंडी साइट ही थरथर थोडी झाकते, त्यामुळे ट्रिगर शांतपणे दाबायची सवय लागते. ती सवय एकदा मुरली की दुर्बीण कधीही लावता येते.

रायफलीसाठी घाई का नको याचं सर्वांत चांगलं उत्तर कॅम्प पेरीतच आहे. तिथे स्पर्धेच्या वेळी नवख्यांसाठी स्मॉल आर्म्स फायरिंग स्कूल भरतं, १९१८ पासून. शिकवायला सैन्यातले नेमबाज, रायफल त्यांची, राउंड त्यांचे. येणाऱ्याने कान झाकायची सोय आणि ऐकायची तयारी घेऊन यायचं. अनेक राज्यांच्या संघटना मुलांना पूर्ण हंगामासाठी रायफल वापरायला देतात. मुलगा टिकला, आवडलं, तरच घरच्यांनी खिशात हात घालायचा.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. एआर-फिफ्टीन म्हटलं की मराठी वाचकाला सँडी हूक आणि युव्हाल्डी आठवतं, आणि आठवायलाच हवं. त्या शाळांमधल्या मुलांवर याच जातीच्या रायफलीने गोळ्या झाडल्या गेल्या. मी हा खेळ खेळतो आणि तरीही मला वाटतं की अशी रायफल इतक्या सहजासहजी कुणाच्याही हातात पडता कामा नये. रेंजवर आमच्या प्रत्येक रायफलीच्या चेंबरमध्ये रंगीत खूण खुपसलेली असते, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. हुकूम सुटल्याशिवाय कुणी तिला हात लावत नाही. घरी माझी रायफल तिजोरीत, राउंड वेगळ्या कुलपात. ही शिस्त इथल्या कायद्याने सर्वांवर घालावी असं माझं मत आहे, आणि ते मी क्लबातही उघड मांडतो.

आता कोल्हापूर. आपल्याकडची मुलं सुरुवात करतात ती दहा मीटर एअर रायफलने, म्हणजे सर्व्हिस रायफलहून अगदी निराळ्या खेळाने. तिथे दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, आणि स्पर्धेची परदेशी रायफल दोन-तीन लाखांच्या घरात. वर जॅकेट, पँट, बूट वेगळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील ऑलिंपिकला पोचला, त्याच्या घरच्यांनी कर्ज काढलं होतं, ही बातमी आपण अभिमानाने वाचली. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, तिच्याही वाटेत पैशाची ओढाताण होती. या दोघांचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. कर्ज काढूनही जी मुलं पुढे गेली नाहीत, त्यांच्या घरचे हप्ते कुणी मोजत नाही.

अमेरिकेत शाळकरी मुलांच्या एअर रायफल स्पर्धांत दोन वेगळे गट असतात. एकात ऑलिंपिक दर्जाची महागडी साधनं. दुसरा स्पोर्टर गट, त्यात रायफल साधी, तिच्या किमतीवर मर्यादा, आणि नेमबाजीचं खास जॅकेट किंवा पँट घालायला मनाई. मुलगा शाळेच्या रायफलीने, साध्या स्वेटरमध्ये राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे शालेय स्पर्धांत ओपन साइटचा गट आहे, ही चांगली गोष्ट. पण अनेक पालक आणि काही प्रशिक्षकही त्याच्याकडे पहिली पायरी म्हणून पाहतात, लवकरात लवकर सोडून द्यायची. माझ्या भाच्याला एका प्रशिक्षकाने चौथ्या महिन्यातच "पीप साइटची स्वतःची रायफल घेतल्याशिवाय पुढे जाणार नाहीस" असं सांगितलं. त्या टप्प्यावर त्याला गरज होती पोझिशनची, श्वासाची आणि ट्रिगरची. छर्रेसुद्धा त्याने कधी दोन-तीन प्रकारचे आलटूनपालटून मारून पाहिले नव्हते. छर्ऱ्याच्या डोक्याच्या मापातला शतांश मिलिमीटरचा फरकही ग्रुप उघडतो किंवा मिटवतो, आणि तो प्रयोग काही शे रुपयांत होतो.

माझी मागणी साधी आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयांनी आणि रायफल संघटनांनी सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी मर्यादित साधनांचा स्वतंत्र गट करावा. रायफलीच्या किमतीला छत असावं, खास कपड्यांना बंदी असावी. या गटातल्या विजेत्याला पुढच्या वर्षासाठी संघटनेची चांगली रायफल वापरायला द्यावी, पदकाबरोबर. सरकारी रेंजवर क्लबच्या रायफली वाढवाव्यात आणि त्यांची निगा राखायला एक माणूस नेमावा, कारण सील गळणारी रायफल मुलाला फक्त निराशा शिकवते.

आणि पालकांना एवढंच सांगतो. रेंजवर नाव घालण्याआधी तिथे तीन प्रश्न विचारा. क्लबच्या चालू स्थितीतल्या रायफली किती आहेत? मुलाला आठवड्यात किती छर्रे मारायला मिळतील? मुलांच्या वह्या कोण तपासतं? उत्तरं समाधानकारक असतील तर निदान वर्षभर क्लबच्याच रायफलीवर मारू द्या. पहिल्याच भेटीत तुम्हाला रायफलीचा कॅटलॉग दाखवला गेला, तर दुसरी रेंज शोधा.