शर्यत, चाबूक आणि आपली टाळी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तास संपला होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि कॅन्टीनमध्ये चहाबरोबर वाद रंगला होता. विषय होता बैलगाडी शर्यत. एक मैत्रीण म्हणाली, “मुक्या जनावराचे हाल करायचे आणि त्याला करमणूक म्हणायचे, ही कसली संस्कृती?” त्यावर एक वर्गबंधू उसळून म्हणाला, “शेतकऱ्याचा वर्षातला एवढा एक आनंद, तोही तुम्हा शहरवाल्यांना बघवत नाही!” दोघेही पोटतिडकीने बोलत होते. गंमत अशी, की दोघांपैकी एकानेही शर्यत प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. मी पाहिली होती, आणि मी मात्र गप्प बसले. बोलायला लागले असते तर मला दोघांच्याही बाजूने बोलावे लागले असते. त्या दिवशी जे बोलले नाही, ते आज लिहीत आहे.

माझे आजोळ संगमेश्वर तालुक्यातले. २०१३ सालचा शिमगा होता. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. पालखी घरोघर फिरून झाली होती, मुंबईचे चाकरमानी अजून परतले नव्हते आणि भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या मळ्यात शर्यत भरणार होती. मधले बांध फोडून, ढेकळे सारखी करून पोरांनी आठवडाभर आधीच धावपट्टी तयार केली होती. मामा पहाटेच पवळ्या आणि चांद्याला घेऊन पुढे गेला. मागून आमची वरात निघाली. सर्वांत पुढे डोक्याला टॉवेल गुंडाळलेले आजोबा, त्यांच्या मागे घावण्यांचा डबा सांभाळणारी आजी, मग आई, मावशी, मामी आणि आम्ही सहा-सात भावंडे. वडील सरकारी नोकरीतले. घरी कधी आवाज न चढवणारे. तेही मुद्दाम रजा काढून आले होते.

आंब्याच्या सावलीत एका बांधावर आम्ही जागा धरली. समोर बर्फाचा गोळा, कलिंगडाच्या फोडी, भेळेची गाडी. आणि या साऱ्यावर मात करणारा लाऊडस्पीकर. गाडीमालकाचे नाव, गावाचे नाव आणि मग बैलांची नावे. आमच्या पवळ्या-चांद्याचे नाव पुकारले गेले, तेव्हा आजीने नकळत पदर सारखा केला. जणू तिच्या मुलांनाच कोणी व्यासपीठावर बोलावले होते! झेंडा पडला, तांबडी धूळ उठली आणि पुढचे काही क्षण आम्हाला खरोखर काही म्हणजे काही दिसले नाही. चाकांचा खडखडाट आणि लोकांचा गलका एवढेच ऐकू येत होते. धूळ बसली तेव्हा पाहते तो माझे शांत वडील बांधावर उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडत होते! आईने त्यांच्याकडे ज्या नवलाने पाहिले ते मी अजून विसरलेले नाही. अंतिम फेरीत आमची गाडी दुसरी आली. एक पितळी कळशी मिळाली. घरी परतताना ती डोक्यावर कोणी घ्यायची, यावरून भावंडांत भांडण झाले.

इथे आठवण संपवता आली असती तर किती बरे झाले असते! पण खरी गोष्ट संध्याकाळी घडली. आजोबा बैलांना धुवायला पऱ्यावर घेऊन गेले आणि मी त्यांच्यामागे गेले. चांद्याच्या पुठ्ठ्यावर पाणी ओतताच तो अंग चोरू लागला. आजोबांनी वाकून पाहिले. कातडीवर बारीक बारीक भोके होती आणि त्यांतून रक्त झिरपत होते. अंतिम फेरीला गाडी मामाने हाकली नव्हती. ‘नंबरात आणणारा’ म्हणून बाहेरगावचा एक तरबेज गाडीवान बोलावला होता आणि त्याच्या काठीच्या टोकाला खिळा होता. मामा मान खाली घालून उभा राहिला. आजोबा रागावले नाहीत. तेलात हळद कालवून लावता लावता ते एवढेच म्हणाले, “पहिला नंबर, दुसरा नंबर, हे आपलं. त्याला काय ठाऊक, रे?”

ती कळशी आजोळी अजून आहे. तिच्याकडे पाहिले की मला बांधावरचे वडील आठवतात आणि पऱ्यावरचा चांद्याही आठवतो. आणि आणखी एक गोष्ट आठवते, जी मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. अंतिम फेरीत ती काठी वर गेली, बैलांनी एकदम उसळी घेतली, तेव्हा टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होते.

आता थोडे कायद्याविषयी. कारण वाद घालणाऱ्या पुष्कळांना त्याची धड माहिती नसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. पुढे काही काळ कोर्टकचेऱ्या चालल्या आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर आपल्याकडील बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट काढून दिली. पण मुंबई उच्च न्यायालयाने ती रोखून धरली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. म्हणजे आज शर्यत बेकायदा नाही. मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी हवी आणि काठी, चाबूक, विजेचा धक्का यांतले काहीही चालणार नाही. नियम मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे.

तेव्हा ‘शर्यत हवी की नको’ हा प्रश्न न्यायालयापुरता तरी सुटलेला आहे. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. शर्यत कशी हवी?

‘परंपरा’ हा शब्द उच्चारला की सर्व प्रश्न मिटतात, असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. परंपरा म्हणून तरी कोणती धरायची? पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नरकडे ‘घाटा’त चार बैलांचा गाडा धावतो, पुढे घोडी असते आणि निकाल सेकंदांवर लागतो. सांगली-साताऱ्याकडे खिल्लार बैलांच्या जोड्या एकमेकींशी स्पर्धा करतात. विदर्भात शंकरपट भरतो. रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत गाड्या पळतात. आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात श्रावणाच्या आसपास चिखलात नांगरणीची स्पर्धा होते. तिथे गावठी जोडीचा गट वेगळा आणि घाटी जोडीचा गट वेगळा. लहान चणीच्या कोकणी बैलाला थोराड घाटी बैलाशी भिडवायचे नाही! मला तर वाटते, परंपरेतला जपण्यासारखा भाग हा आहे. आपल्या जनावराचे बळ ओळखून त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा करणे, ही शेतकऱ्याची खरी रीत. काठीला खिळा मारणे ही रीत नव्हे. ती बक्षिसाची हाव आहे आणि तिला परंपरेचा टिळा लावून आपण मिरवतो.

पण दुसऱ्या बाजूचेही मला सगळेच पटत नाही. ‘बंदी घाला म्हणजे बैल सुखी होतील,’ असे म्हणणाऱ्यांनी बंदीनंतर बैलांचे काय झाले ते पाहावे. आमच्या मामाने पवळ्या-चांद्याला आणखी दोन पावसाळे सांभाळले. नंतर जोडी विकली आणि शेजाऱ्याबरोबर भागीत पॉवर टिलर घेतला. शर्यत बंद झाली म्हणूनच बैल गेले असे मी म्हणणार नाही; टिलर येणारच होता. आमच्यासारख्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत चार दिवसांच्या नांगरणीसाठी वर्षभर दोन बैल पोसणे परवडत नाही, हे साधे गणित आहे. पण शर्यत होती तोवर त्या गणितात एक आकडा बैलांच्या बाजूने पडत होता. मग तोही पुसला गेला. पशुगणनेनुसार २०१२ साली महाराष्ट्रात गाई-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ साली सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. आपल्या लाल मातीत वाढलेल्या, उंचसखल रानात चरणाऱ्या काटक गोवंशाला आता कुठे ‘कोकण कपिला’ या नावाने राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. कागदावर मान्यता मिळाली आणि गोठा मात्र रिकामा, असे व्हायला नको. ज्या घरात बैलाला नाव असते, त्या घरात त्याला वेळेवर वैरणही मिळते. हा माझ्या आजोळचा अनुभव आहे.

माझा मुंबईचा मामेभाऊ मोटारींचा मोठा शौकीन. अमेरिकेतल्या छोट्या गावांत मातीच्या गोल धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होतात, कुटुंबेच्या कुटुंबे डबे बांधून पाहायला जातात, त्याची चित्रे तो मला मोबाईलवर दाखवत होता. तीच धूळ, तोच गलका आणि बापाच्या खांद्यावर बसलेली तशीच पोरे! मला क्षणभर आमचा मळाच दिसला. माणसे सगळीकडे सारखीच, हेच खरे. पण एक फरक विसरता येत नाही. इंजिन तापले तर थंड करता येते, मोडले तर सुटा भाग बदलता येतो. मोटारीला कितीही पिटाळले तरी संध्याकाळी ती अंग चोरत नाही. आमच्या शर्यतीतला आनंद त्यांच्याहून मोठा आहे, कारण धावणारा जीव आमच्या घरचा असतो. आणि नेमक्या त्याच कारणाने आमची जबाबदारीही मोठी आहे.

ही जबाबदारी कोणाची? आपण लगेच बोट दाखवतो ते गाडीवानाकडे, आयोजकांकडे, पोलिसांकडे. माझे बोट आधी माझ्याकडे वळते. मळ्यात जमलेल्या माणसांपैकी काठी हातात असते ती मोजक्यांच्या. बाकी आपण सारे बांधावर असतो. काठी वर जाते ती गर्दीला वेग हवा असतो म्हणून. गर्दीने टाळी दिली की पुढच्या फेरीत काठीला खिळा येतो. गर्दी गप्प राहिली, ‘अरे, मारू नको!’ असे दहा जण जरी ओरडले, तरी त्या काठीचा रुबाब संपतो. कायद्याचा अंमल करायला प्रत्येक मळ्यात पोलीस उभा राहू शकत नाही. प्रेक्षक मात्र प्रत्येक मळ्यात असतोच.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्यातले कितीतरी विद्यार्थी खेड्यांतून येतात आणि राष्ट्रीय सेवा योजनेत आपण श्रमदान करतो, रस्ते झाडतो, झाडे लावतो. मग ज्यांच्या गावी शर्यत किंवा नांगरणी स्पर्धा असेल, त्यांनी चार मित्र बरोबर घेऊन तिथे स्वयंसेवक म्हणून का उभे राहू नये? आयोजकांच्या संमतीने सुरुवातीच्या रेषेपाशी काठ्या काढून घ्याव्यात, बैलांच्या पाण्याची आणि सावलीची व्यवस्था पाहावी, लाऊडस्पीकरवरून नियम सांगावेत. आणि एक बक्षीस नवे ठेवता येईल. ज्या जोडीच्या अंगावर एकही वळ नाही आणि जिचा गाडीवान केवळ हाकेवर बैल पळवतो, तिला मानाची ढाल! पहिला नंबर कोणाचा, यापेक्षा ही ढाल कोणाची, याची चर्चा ज्या दिवशी पारावर होईल, त्या दिवशी आपली परंपरा टिकली असे मी समजेन.

माझ्या या म्हणण्यावर दोन्ही बाजूंचे मित्र नाराज होतील, याची मला कल्पना आहे. ‘बिनचाबकाची शर्यत होते तरी का?’ असे एक जण हसून विचारेल. आमच्या आजोबांची जोडी मळ्यावरून घरी येताना गोठा दिसला की कोणी न हाकता धावत सुटायची, एवढेच मी त्याला सांगेन. ‘जनावराला पळवायचेच कशाला?’ असे दुसरी विचारेल. तिला मी पुढच्या शिमग्याला आजोळी घेऊन जाणार आहे. आता आजोबा राहिले नाहीत. पण मामाने गेल्या वर्षी पुन्हा एक खोंडांची जोडी घेतली आहे. त्यांची नावे ठेवायचा मान मला मिळाला. मी सुचवली तीच, पवळ्या आणि चांद्या.

ते पहिल्यांदा धावतील तेव्हा मी त्याच बांधावर उभी असेन. टाळीही वाजवीन, अगदी मनापासून. फक्त त्याआधी गाडीवानाच्या हाताकडे एकदा नीट पाहीन.

— तृतीय वर्ष, कला