पुस्तक आहे, पण सापडत नाही

हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ सालची. कोकणातल्या गावातले हिंदू-मुस्लिम संबंध हा तिचा विषय. आता विद्यापीठाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये ‘मुस्लिम’ किंवा ‘कोकण’ टाकून ती शोधायला जा. शीर्षकात यातला एकही शब्द नाही. नोंद करणाऱ्याने विषयाचा रकाना भरला असेल तरच ती सापडणार. नाहीतर ती इंधनावर प्रोजेक्ट करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरालाच भेटायची!

हा रकाना म्हणजे मार्क नोंदीतला ६५० क्रमांकाचा. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो: सॉफ्टवेअर कोहा असो की सोल, जे भरलेच नाही ते त्यातून निघत नाही. लेखकाच्या नावाचेही तेच. रोमन लिपीत कुणी ‘शेख’ एका स्पेलिंगने लिहितो, कुणी दुसऱ्या. दोन्ही रूपे एकमेकांना जोडली नाहीत तर एकाच माणसाचे दोन लेखक होतात.

वर्गीकरणाचे दुखणे याहून खोल आहे. ड्युई पद्धतीत इस्लामला २९७ क्रमांक. मुस्लिम समाजासाठी ३०५.६९७ हा वेगळा क्रमांक आहे. तरी शीर्षकात ‘मुस्लिम’ दिसले की पुस्तक २९७ मध्ये टाकणे सोपे पडते. मग वस्ती, रोजगार, जातिभेद यांवरचे पुस्तक नमाज-रोजाच्या पुस्तकांशेजारी जाऊन बसते. मुसलमान म्हणजे फक्त मजहब, या समजाशी आपण बाहेर भांडतो; ग्रंथालयात तो क्रमांक लावून पक्का होतो. आणि शोधूनही काही न मिळालेली एम.ए.ची मुलगी ‘आपल्यावर मराठीत कुणी लिहिलेच नाही’ असे समजून विषय बदलते. नुकसान ते आहे.

ग्रंथपालांना दोष देऊन भागणार नाही. कित्येक कॉलेजांत ती जागाच भरलेली नाही आणि नोंदींचे काम पुस्तकामागे ठरलेल्या दराने बाहेर दिले जाते. पुस्तक उघडून बघायला वेळ कुणाला?

पण वाचकाने मागितले तर बदल होतो. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये ‘इल्लीगल एलियन्स’ या विषयशीर्षकाविरुद्ध लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मागणी केली. राजकारण आडवे आले, तरी २०२१ मध्ये ते शीर्षक गेले. आपली मागणी तर त्याहून साधी आहे. शेख महंमद श्रीगोंदेकरांचा ‘योगसंग्राम’ मराठी काव्यात तर दिसावाच, पण ‘मुस्लिम संतकवी’ म्हणून शोधल्यावरही दिसावा, तोही देवनागरीत. पुढच्या वेळी असे पुस्तक हाती लागले की त्याचा दाखल क्रमांक आणि योग्य विषय चिठ्ठीवर लिहून ग्रंथपालांच्या टेबलावर द्या. नोंद दुरुस्त करायला त्यांना पाच मिनिटे पुरतात.