ओटे हवेत, इमला नको

पुण्याच्या पेठांत वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या, तशी रोजच्या भाजी-किराण्याची जागा आक्रसत गेली. १८८६ सालची महात्मा फुले मंडई आजही गजबजलेली आहे. २०२४ मध्ये तिथे भुयारी मेट्रोचे स्थानकही सुरू झाले. पण पावशेर भेंडी आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी सत्तरीतल्या आजींनी रहदारीतून वाट काढत तिथवर जावे काय? पेठेपेठेत छोटा बाजार हवा तो यासाठीच.

कायदा आडवा येत नाही. २०१६ पासून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मुभा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत. तेव्हा जागा त्यांच्याशी बोलूनच ठरवावी. खरी मेख आहे ती भाड्यात. गाळे सर्वाधिक बोलीवर दिले, तर भाजीच्या जागी मोबाइलची कव्हरे लटकायला वेळ लागणार नाही. म्हणून भाडे माफक आणि वापराची अट कडक हवी. माल पहाटेच उतरावा, ओला कचरा रोज उचलला जावा.

नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी मंडईच्या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. महापालिकेने हे ध्यानात ठेवावे. छप्पर, ओटे, पाणी आणि दिवे एवढ्यावर बाजार उभा राहतो. कोनशिला आणि कमानींचा खर्च वाचवावा.