पत्ता रजिस्टरात, आजार गल्लीत

सरकारी रुग्णालयात रुग्णाचा पत्ता एकदा नव्हे, अनेकदा लिहून घेतला जातो. केसपेपरवर, वॉर्डातल्या रजिस्टरात, रक्त तपासणीच्या फॉर्मवर. डेंग्यू, कावीळ, गॅस्ट्रो अशा आजारांत तो आरोग्य विभागालाही कळवला जातो. आठवडा संपला की या सगळ्याचे आकडे होतात : डेंग्यूचे इतके, काविळीचे इतके, मागच्या आठवड्यापेक्षा इतके जास्त. आकडा तयार झाला की पत्ता मागे पडतो. साथ ओळखायला होणारा उशीर बऱ्याचदा इथूनच सुरू होतो.

समजा, एका आठवड्यात डेंग्यूचे १८ रुग्ण आले. ते शहरभर विखुरलेले असतील तर एक अर्थ, त्यातले ११ दोनच गल्ल्यांमधले असतील तर अगदी वेगळा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही. बहुधा जन्मला त्या जागेपासून शंभर-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे त्या दोन गल्ल्यांत कुठेतरी उघडी टाकी, टायर किंवा बांधकामावरचे साचलेले पाणी असण्याची दाट शक्यता आहे. कोरड्या आकड्यातून हे कळत नाही. नकाशावर ठिपके मांडले की नजरेला लगेच दिसते.

ही युक्ती जुनी आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने काही आठवड्यांत सहाशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांचे पत्ते मिळवले, घरोघर फिरून कोण कुठले पाणी पितो ते विचारले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाभोवती होते. जवळच्या अनाथालयवजा वर्कहाउसमध्ये पाचशेहून जास्त माणसे राहत होती, तिथे मात्र मोजकेच मृत्यू झाले. कारण तिथली विहीर वेगळी होती. ८ सप्टेंबरला पंपाचे हँडल काढले गेले. स्नो यांचा प्रसिद्ध नकाशा मात्र पुस्तकात छापून आला १८५५ मध्ये. तेव्हा नकाशाला काही महिने लागले. आज त्याला एक दुपार पुरते, म्हणजे तो हँडल काढण्याच्या आधी हातात येऊ शकतो.

आपल्याकडचे ताजे उदाहरण पुण्याचे. जानेवारी २०२५ मध्ये गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकाएकी वाढले. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावे पुन्हा पुन्हा येऊ लागली आणि लक्ष पाण्याकडे वळले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणूही सापडला. एरवी तुरळक दिसणारा हा आजार. कुठल्याही एका रुग्णालयाला दोन-तीन रुग्ण दिसले तर त्यात फारसे वावगे वाटणार नाही. सगळ्यांचे पत्ते एकत्र आल्यावरच चित्र उमटते.

असा नकाशा करायला महागडे सॉफ्टवेअर लागते, हा समज आता सोडायला हवा. ‘लीफलेट’ नावाचे एक मोफत साधन आहे. व्लादिमिर अगाफोन्किन या युक्रेनच्या प्रोग्रामरने ते २०११ मध्ये आणले. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले हे साधन सुमारे ४२ किलोबाइटचे, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका फोटोहूनही कितीतरी लहान. रुग्णालयातल्या जुन्या संगणकावर, साध्या ब्राउजरमध्ये ते चालते. त्याला तीन गोष्टी सांगायच्या : नकाशाचा मध्य कुठे, खाली कुठला नकाशा अंथरायचा आणि ठिपके कुठे द्यायचे. अंथरायला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकसहभागातून तयार झालेला नकाशा वापरता येतो. त्याचे श्रेय तेवढे कोपऱ्यात द्यावे लागते. वीस-पंचवीस ओळींत काम होते. थोडेफार प्रोग्रामिंग येणारा एखादा इंटर्न किंवा डेटा एंट्री ऑपरेटर हे आठवड्याभरात शिकेल.

खरी मेहनत पत्त्यांची आहे. ‘मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ’ हा पत्ता पोस्टमनला कळतो, संगणकाला नाही. त्यावर उपाय साधा आहे. आशा ताईंनी किंवा आरोग्य सेवकाने एकदाच फिरून प्रत्येक वस्तीचे, गल्लीचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टिपायचे आणि प्रत्येकीला एक क्रमांक द्यायचा. पुढे केसपेपरवर तो क्रमांक आला की ठिपका आपोआप जागेवर बसतो. अक्षांश आधी की रेखांश आधी, एवढे मात्र जपावे. पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व असे आहे. हे आकडे उलटे पडले तर पुण्याचा रुग्ण थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो.

नकाशा डोळ्यांना पटकन पटतो, म्हणून तो जपून वाचावा लागतो. दाट वस्तीत माणसेच जास्त, त्यामुळे ठिपकेही जास्त. लोकसंख्येशी तुलना न करता त्या वस्तीला दोष देणे चूक. सरकारी रुग्णालयाच्या नकाशावर खासगी दवाखान्यात गेलेले दिसत नाहीत आणि घरीच अंगावर काढणारे तर कुठेच दिसत नाहीत. एडिस दिवसा चावतो, तेव्हा संसर्ग घरी न होता शाळेत किंवा कारखान्यातही झालेला असू शकतो. ठिपक्यांनी कुठे जाऊन पाहायचे तेवढे कळते. जाऊन पाहावे लागतेच.

सर्वात मोठी जबाबदारी गोपनीयतेची. कोविडच्या काळात घरांवर चिकटवलेल्या पत्रकांनी शेजारपाजारच्या नजरा कशा बदलल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या रुग्णाचा दारापर्यंत नेणारा ठिपका त्याचे घर, नोकरी, मुलीचे लग्न अडवू शकतो. इथे गणित मदतीला येते. अक्षांशाचे दशांश चिन्हानंतर चार अंक ठेवले तर जागा साधारण ११ मीटरपर्यंत अचूक कळते, तीन ठेवले तर ११० मीटर, दोन ठेवले तर एक किलोमीटरहून थोडी जास्त. फवारणी आणि पाहणी करणाऱ्या पथकाला तीन अंक पुरतात. लोकांसमोर ठेवायच्या नकाशात ठिपके नकोतच, वॉर्डनिहाय आकडे पुरेत. नाव, वय, फोन नंबर त्या फाइलमध्ये घालूच नयेत. पडद्यावर दिसत नसले तरी फाइल उघडणाऱ्या कुणालाही ते वाचता येतात. आणि पत्त्यांची यादी एखाद्या अनोळखी मोफत सेवेला ‘शोधून दे’ म्हणून पाठवू नये.

केंद्र सरकारची रोग सर्वेक्षण योजना २००४ पासून आहे आणि आता तिचे संगणकीय व्यासपीठही आहे. माहिती वर जाते, ते आवश्यकच आहे. पण डबकी वरच्या कार्यालयात नसतात, ती गल्लीत असतात आणि गळकी जलवाहिनीही तिथेच असते. म्हणून प्रत्येक तालुका आणि महापालिका रुग्णालयात दर सोमवारी मागच्या आठवड्याचा एक साधा नकाशा तयार व्हावा आणि त्याच दिवशी तो पाणीपुरवठा व मलेरिया विभागाच्या टेबलावर पोहोचावा, एवढीच मागणी आहे. खर्च जवळपास शून्य आहे. पत्ते तर आपल्याकडे आधीपासून आहेतच.

वाचकांनीही एक करावे. पुढच्या वेळी केसपेपर काढताना गावाचे नाव सांगून थांबू नका. गल्ली, खूण, पाणी कुठून येते तेही सांगा. खिडकीवरच्या माणसाने विचारले नाही तरी सांगा.