भयाचा वास

या सदरात आम्ही शक्यतो चांगल्या चित्रपटांविषयी लिहितो. आठवडाभराच्या नोकरीनंतर वाचकांच्या हाती उरणारा वेळ थोडा. तो वाया जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. या खेपेस मात्र आम्ही एका फसलेल्या चित्रपटाविषयी लिहीत आहोत. निवड आमची नव्हती. वंदनेनंतर भरणाऱ्या बालवर्गातील मोठ्या मुलांनी तो निवडला, पालकांनाही सोबत बसवले, आणि चित्रपट संपून सभागृह रिकामे करण्याची वेळ टळून गेली तरी कोणी उठेना. चित्रपट कोणालाच आवडला नव्हता. वाद मात्र थांबत नव्हता.

चित्रपटाचे नाव ‘आफ्टर अर्थ’. २०१३ साली आलेला, विल स्मिथ आणि त्याचा मुलगा जेडन यांनी बापलेकांच्याच भूमिका केलेला. याच जोडीने २००६ साली ‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’मध्ये प्रेक्षकांना रडवले होते, त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. सुमारे १३ कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत जेमतेम ६ कोटी मिळवले. परदेशांतल्या तिकीटबारीने थोडी लाज राखली. पुढच्या वर्षी वाईट चित्रपटांची थट्टा करणाऱ्या ‘रॅझी’ पारितोषिकांत बापलेक दोघेही ‘सन्मानित’ झाले. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन. हा माणूस माहे येथे जन्मला, काही आठवड्यांचा असतानाच आईवडिलांसोबत अमेरिकेत आला आणि फिलाडेल्फियाजवळ वाढला. आईवडील दोघेही डॉक्टर. मुलाने हाती घेतला कॅमेरा. स्थलांतरितांच्या घरात अशा निर्णयाची किंमत काय असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ‘द सिक्स्थ सेन्स’सारखी कलाकृती नावावर असलेल्या या दिग्दर्शकाचे नाव ‘आफ्टर अर्थ’च्या जाहिरातींत जवळजवळ दडवलेच होते.

कथा थोडक्यात अशी. पृथ्वी सोडून मानवजातीला हजार वर्षे झाली आहेत. नव्या ग्रहावर ‘उर्सा’ नावाचे आंधळे हिंस्र प्राणी माणसांची शिकार करतात. त्यांना माणूस दिसत नाही, परंतु त्याच्या भीतीचा वास येतो. ज्याला भीतीच वाटत नाही तो त्यांच्या लेखी अदृश्य. सायफर रेज हा सेनापती असा अदृश्य होऊ शकणारा पहिला वीर. त्याचा किशोरवयीन मुलगा किटाई सैनिकी परीक्षेत नापास होतो. आईच्या आग्रहाखातर बाप त्याला एका सफरीवर सोबत नेतो. यान कोसळते ते नेमके निर्मनुष्य पृथ्वीवर. बापाचे दोन्ही पाय मोडतात. मदतीचा संकेत पाठवणारे यंत्र यानाच्या तुटलेल्या शेपटीत, शंभर किलोमीटरांवर. मुलाला एकट्याने तिथवर जायचे आहे. बाप यानात पडून पडद्यावर त्याला पाहत राहणार आणि कानात सूचना देत राहणार.

शास्त्राच्या अंगाने चित्रपट फारच कच्चा आहे आणि मुलांनी त्याचे वाभाडे काढले. बाप सांगतो की या ग्रहावरील प्रत्येक जीव माणसाला मारण्यासाठीच उत्क्रांत झाला आहे. आमच्यातली एक अकरावीतली मुलगी तिथेच म्हणाली, “हजार वर्षे इथे माणूसच नव्हता, मग त्याला मारायला शिकले कशावर?” रोज रात्री सारे गोठते, तरी सकाळी सदाहरित वने डोलत असतात, हेही कोणाला पटले नाही. विल स्मिथसारख्या हसतमुख, बोलक्या नटाला दीड तास खुर्चीत जखडून दगडी चेहऱ्याने बोलायला लावणे ही तर उधळपट्टीच. सारा भार पडतो तो चौदा-पंधरा वर्षांच्या जेडनवर, आणि तो भार त्याला पेलत नाही.

एक प्रसंग मात्र चांगला आहे. एक प्रचंड पक्षीण किटाईला उचलून आपल्या घरट्यात नेते. तिच्या पिलांवर वाघासारखी श्वापदे हल्ला करतात. किटाई पळून जाऊ शकला असता. तो पिलांसाठी लढतो. पिले वाचत नाहीत. पुढे थंडीने बेशुद्ध पडलेल्या किटाईला तीच पक्षीण पंखांखाली घेते, रात्रभर ऊब देते आणि सकाळी गोठून मेलेली आढळते. तिथे संवाद नाहीत, उपदेश नाही. सभागृहात त्या वेळी अगदी शांतता होती.

चित्रपटाचा सारा डोलारा एका विचारावर उभा आहे. संकट खरे असते, पण भीती ही आपल्याच मनाची निर्मिती; ती बाळगावी की नाही हे आपल्या हाती, असे सेनापती मुलाला शिकवतो. ऐकताना कोणाला हे बौद्ध वाटेल. आमच्यातील एका उपासकांनी तसे म्हटलेही. आम्हांला मात्र मज्झिम निकायातले भयभेरव सुत्त आठवले आणि फरक तिथेच दिसू लागला. त्या सुत्तात भगवान बुद्ध आपल्या साधनाकाळातील एकांत अरण्यवासाविषयी सांगतात. रात्र आहे, एखादा पशू जवळून जातो, मोर काटकी मोडतो, वारा पाचोळा हलवतो, आणि मनात येते की हेच ते भय आले असेल. मग ते ठरवतात की चालत असताना भय आले तर चालतानाच त्याला सामोरे जायचे. ते ओसरेपर्यंत बसायचे नाही, आडवे व्हायचे नाही. बसलेले असताना आले तर बसूनच. इथे भय लपवलेले नाही. ते आले, ते पाहिले, त्याच्यासोबत राहून ते शमू दिले. सायफरला असे काही करावे लागत नाही. त्याच्या चेहऱ्यावर भय नाही, तसे दुःखही नाही, मायाही नाही; आणि चित्रपट यालाच पराक्रम म्हणतो.

बरे, आपले भय नेहमी मनातूनच येते काय? बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील पहिलीच आठवण घ्या. १९०१ साल. वडील गोरेगावी खजिनदार म्हणून नोकरीला, मुले साताऱ्यात. सुट्टीत वडिलांकडे बोलावणे आले म्हणून भावाभाच्यांसह नवे कपडे घालून बाबासाहेब आगगाडीने मसूरला उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली आणि मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी गाडी हाकायची आणि आपण पायी चालायचे, या अटीवर एक जण निघाला. सोबत अन्न होते, पाणी नव्हते. वाटेत कोणी प्यायला पाणी दिले नाही. रात्र टोलनाक्यापाशी काढून, दुसऱ्या दिवशी जवळजवळ दुपारी मुले वडिलांपाशी पोहोचली. वडिलांना पत्र मिळालेच नव्हते. नोकराने ते दिले नव्हते.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हा प्रवासही जगण्यावाचण्याचाच होता, आणि त्यासाठी परग्रहाची गरज पडली नाही. त्या रात्री त्या मुलांना वाटलेली भीती त्यांनी निवडली होती, असे कोण म्हणेल? तिला कारण होते, ते स्टेशनावर होते, टोलनाक्यावर होते. पुढे बाबासाहेबांनी आयुष्यभर जे केले ते त्या कारणाचे निर्मूलन. मनाला धीर द्यायला त्यांनी धम्म दिला; पण संविधानात अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही लिहिले. एकावाचून दुसरे पुरते, असे त्यांनी कधी मानले नाही.

हा मुद्दा सभागृहात एका मुलाने वेगळ्याच वाटेने आणला. तो यंदा महाविद्यालयात गेला आहे. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्याला आडनाव विचारले गेले, मग गाव, मग “म्हणजे नक्की कोण?” त्याने विषय बदलला. घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, घाबरायचे कशाला, ठणकावून सांगायचे. मुलगा आम्हांला म्हणाला, “बाबांना वाटते मी घाबरलो हीच चूक. विचारणाऱ्याची चूक काहीच नाही?” सिअ‍ॅटल शहराने २०२३ साली आपल्या भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले. मुलांना निर्भय व्हा म्हणून सांगणे सोपे आहे. उर्साचा बंदोबस्त करणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे लिहायला बसलो, ती. चित्रपट म्हणतो की किटाईला उर्साची भीती वाटते. त्याच्या देखत उर्साने मोठ्या बहिणीला मारले आहे, तेव्हा ते साहजिकच. परंतु नीट पाहिले तर त्या मुलाला सर्वांत जास्त भीती वाटते ती बापाची. पृथ्वीवरच्या हवेत श्वास घेता यावा म्हणून त्याला द्रवाच्या मोजक्या कुप्या मिळालेल्या असतात. माकडांपासून पळताना त्यांतल्या दोन फुटतात. उरलेल्या कुप्यांत शेवटपर्यंत पोहोचणे अशक्य. हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, आणि मुलगा तो बापापासून लपवतो. बाप कानात बोलतो आहे, नाडीचे ठोके मोजतो आहे, सर्व कोनांतून पाहतो आहे, तरी त्याला ठाऊक नाही. इतकी देखरेख, आणि इतका अविश्वास! लेखकांनी हा प्रसंग लिहिला आणि त्यात काय लिहिले गेले हे त्यांच्याच लक्षात आले नाही. कुप्या संपल्याचे उघड होते तेव्हा चित्रपट पुन्हा शौर्याकडे वळतो. बाप परत फिरण्याची आज्ञा करतो, मुलगा ती मोडून कड्यावरून उडी घेतो.

आमच्या समाजातील पालकांपैकी किती जण आज त्या यानात बसले आहेत? मुलांचे गुण शाळेच्या संकेतस्थळावर रोज तपासायचे, फोनवर ती कुठे आहेत ते पाहायचे, कानात सूचना चालूच. या भूमीवर मुलेच चालतात. आपण इथल्या शाळेच्या उपाहारगृहात कधी एकटे बसलेलो नाही, इथल्या मैदानावर कोणी आपली टर उडवलेली नाही. आपला नकाशा आपण सोडून आलेल्या देशाचा, तोही आपण निघालो त्या सालचा. आपले हेतू वाईट नाहीत. आपल्या मागे दोन-तीन पिढ्यांची उपासमार आहे, एका इयत्तेसाठी मोडलेले दागिने आहेत. म्हणून नापास हा शब्द आपल्याला झेपत नाही. परंतु त्यामुळेच कुपी फुटली तर मूल आधी आपल्याला सांगेल की लपवेल, याची खात्री आम्हांला वाटत नाही.

भगवान बुद्धांनाही मुलगा होता. राहुलाला त्यांनी केलेला एक उपदेश अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात आहे आणि योगायोग असा की त्याचा विषय खोटे बोलणे हाच आहे. पिता स्वतः मुलाकडे चालत जातो. राहुल आसन मांडतो, पाय धुवायला पाणी ठेवतो. बुद्ध भांड्यात थोडेसे पाणी उरवतात आणि त्या उरलेल्या पाण्यावरून बोलू लागतात. पुढे विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. तसेच आपले प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे, त्याने स्वतःला वा इतरांना पीडा होते का ते तपासावे, चुकले तर जाणत्यांपुढे मोकळेपणाने सांगावे. तपासणीचा आरसा मुलाच्या हाती दिला आहे.

सुभेदार रामजी सकपाळही सैन्यातलेच. शिस्तीचे कडक. मुलाच्या अभ्यासासाठी रात्री जागणारे, आणि त्याला हवे असलेले पुस्तक आणण्यासाठी पैसे नसले तर विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचा दागिना गहाण ठेवणारे. सेनापती रेज आणि सुभेदार रामजी यांची तुलना आमच्या मनात त्या दिवशी नकळत झाली. परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाप मुलाला सूचना देत असेलही; पण तो त्याच खोलीत होता.

‘आफ्टर अर्थ’ची खरी कथा चित्रपटानंतर घडली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात विल स्मिथने लिहिले आहे की जेडनने त्याने सांगितलेले सर्व काही निमूटपणे केले, आणि त्यातून मुलाच्या वाट्याला जाहीर मानहानी आली. प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी झोडपले ते पोराला. पंधराव्या वर्षी त्या मुलाने, कायद्याने आईवडिलांपासून स्वतंत्र होण्याविषयी बापाला विचारले. बापाचे काळीज तुटले. मूळ कल्पना बापाची, निर्मिती घरची, मोठी भूमिका मुलाला मिळावी ही हौसही बापाची. पडद्यावरचा बाप जे कळून घेत नाही ते या बापाला उशिरा का होईना कळले आणि त्याने ते छापून सांगितले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

चित्रपटाच्या शेवटी मोडक्या पायांचा सेनापती सहकाऱ्यांना आपल्याला उभे करायला लावतो आणि मुलाला सैनिकी सलाम करतो. मुलगा सलाम परत करतो, मग धावत जाऊन बापाला मिठी मारतो आणि म्हणतो, मला आईबरोबर काम करायचे आहे. बाप म्हणतो, मलाही. इथे सभागृहात पहिल्यांदा सगळे हसले. दिवे लागल्यावर महाविद्यालयात जाणाऱ्या त्या मुलाचे वडील खुर्च्या आवरत होते. मुलगा दुसऱ्या टोकाने आवरत येत होता. मधल्या रांगेपाशी दोघे आले तेव्हा वडिलांनी विचारले, “त्या मेळाव्यात विचारणारा कोण होता रे?” आम्ही दारे लावायला गेलो, तेव्हा ते दोघे अजून तिथेच उभे होते.